सेल सॉर्टर बाहेरच्यांसाठी बंद करू नका : उपकरण केंद्राच्या समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य,
सामायिक उपकरण केंद्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

तुमची नोटीस मिळाली. येत्या एक तारखेपासून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी मोजणाऱ्या मशीनवर, बाहेरच्या कॉलेजांना महिन्यातून दोन दिवस, तेही आतल्यांचं काम नसेल तर. सॅम्पल सकाळी दहाच्या आत काउंटरवर पाहिजे, दर आधीच्या दुपटीहून जास्त, आणि सेल सॉर्टर, म्हणजे हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारं मशीन, बाहेरच्यांसाठी पुढील आदेशापर्यंत बंद. कारण दिलंय "प्रशासकीय व जैवसुरक्षा". बस एवढंच. मी मेल केले, फोन केले, ऑफिसात जाऊन विचारलं, जो भेटला तो म्हणे समितीचा निर्णय आहे, आम्ही काय करणार. मग समितीलाच लिहायचं ठरवलं आणि सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं, कारण हे मशीन लोकांच्या पैशातून आलेलं आहे आणि ज्यांच्या रक्तावर आमचं काम चालतं ते लोक तुमच्या नोटीस बोर्डापर्यंत कधी येणार नाहीत.

मी ब्रह्मपुरी भागातल्या एका कॉलेजातून पीएचडी करून राहिली आहे, विषय सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. हा विषय मी पुस्तकात पाहून घेतला नाही. आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे हा आजार घराघरात माहीत आहे, लाल कार्ड (आजार असलेल्याचं) पिवळं कार्ड (वाहकाचं) म्हणजे काय हे शाळेतल्या पोरांनाही समजतं. माझ्या स्वतःच्या मामेबहिणीला आहे. थंडीत, पावसात, पाणी कमी प्यायलं तर किंवा ताप आला तर हातपाय आणि पाठ इतकी दुखते की माणूस रात्र रात्र ओरडतो, आणि ते पाहणाऱ्याला काहीच करता येत नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट आहे, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. चांगलंच आहे. पण तपासणीत सापडलेल्या माणसाला पुढे काय, तर बहुतेकांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. ती गोळी काही जणांना इतकी लागू पडते की वर्षभर दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही, आणि काहींना तोच डोस, तीच गोळी, नियमित घेऊनही फरक कमी. असं का होतं, याचाच एक छोटासा तुकडा मी शोधून राहिली आहे.

आता यात फ्लो सायटोमेट्री कुठून आली ते सांगते, कारण हे पत्र समितीबाहेरचे लोकही वाचतील. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याला एचबीएफ म्हणतात, जन्मानंतर ते कमी होत जातं. हायड्रॉक्सीयुरिया ते पुन्हा वाढवते आणि एचबीएफ असलेली पेशी सहसा विळ्यासारखी वाकत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर तपासलं तर एचबीएफ किती टक्के ते कळतं, पण तो सगळ्या रक्ताचा मिळून सरासरी आकडा असतो. समजा दोन पेशंटचा एचबीएफ सारखाच १५ टक्के आला. एकाच्या जवळजवळ सगळ्या पेशींत तो थोडा थोडा वाटलेला असू शकतो आणि दुसऱ्याच्या थोड्याच पेशींत गच्च भरलेला, बाकीच्या तशाच उघड्या. रिपोर्ट सेम, माणसाचा त्रास मात्र सेम नाही. हा फरक पाहायचा तर एकेक पेशी पाहावी लागते आणि ते काम फ्लो सायटोमीटर करतं. पेशींना चमकणाऱ्या रंगाची अँटीबॉडी लावायची, बाहेरून शीथ फ्लुइड नावाच्या द्रवाची धार देऊन पेशी एकामागे एक लेझरसमोरून जाऊ द्यायच्या, मग पुढे फेकलेल्या प्रकाशावरून आकाराचा अंदाज येतो, बाजूला फेकलेल्यावरून आतला दाणेदारपणा, आणि रंगावरून कळतं की त्या पेशीत आपण शोधतो ते आहे की नाही. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजल्या जातात.

सॉर्टर याच्याही पुढे जातो. तो धारेचे थेंब पाडतो, ज्या थेंबात आपल्याला हवी ती पेशी आहे त्याला विद्युतभार देतो, आणि हजारो व्होल्टच्या दोन प्लेटांमधून जाताना तो थेंब वळून वेगळ्या ट्यूबमध्ये पडतो. मला ताज्या तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी वेगळ्या करायच्या असतात, ज्यांच्यावर अजून सीडी७१ नावाचं प्रथिन शिल्लक असतं, कारण त्यांच्यात आरएनए असतो आणि एचबीएफ बनवणाऱ्या गॅमा ग्लोबिनचं जीन किती चालू आहे ते त्यातून मोजता येतं. जुन्या लाल पेशीत हा आरएनए उरत नाही. म्हणजे सॉर्टर नाही तर माझा अर्धा थीसिस नाही, हे सरळ आहे. पण मी माझ्या थीसिससाठी रडून राहिली नाही, ते एक वर्ष पुढे गेलं तर जाईल.

माझी खरी तक्रार सुरू होते ती आयत्या वेळी कॅन्सल होणाऱ्या स्लॉटपासून. आमच्याकडे सॅम्पल म्हणजे फ्रीजमधून काढलेली ट्यूब नाही. आशाताई आधी घरी जाऊन सांगते, मी जाऊन संमतीपत्र वाचून दाखवते, मग ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही घरी पोचतो, कारण पेशंटला कामावर जायचं असतं आणि मला पहिली एसटी पकडायची असते. या मुलांना लहानपणापासून इतक्या वेळा सलाईन लागलेली असते की शीर सापडत नाही. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. त्यातून एथिक्स कमिटीने परवानगी दिली तेवढंच रक्त घ्यायचं, ते घेतलं, डबा बंद केला, बसमध्ये बसली, आणि अर्ध्या रस्त्यात व्हॉट्सअॅपवर मेसेज, "टुडेज स्लॉट कॅन्सल्ड, काइंडली रीबुक". हे माझ्यासोबत झालं, आमच्या कॉलेजातल्या इतरांसोबतही झालं, आणि एकदाचं नाही. कारण विचारलं तर कधी आतल्या विभागाचं अर्जंट काम निघालं, कधी ऑडिटवाले आले, कधी ऑपरेटरला दुसऱ्या ड्युटीवर पाठवलं.

ते रक्त मग फेकावं लागतं. दुसऱ्या दिवशी वापरा म्हणणाऱ्यांना सांगते, कोवळी पेशी ट्यूबमध्ये असतानाही पिकत राहते, तिचा आरएनए कमी होत जातो, सीडी७१ उतरत जातं, मग मी जे मोजीन ते पेशंटच्या अंगातलं नसतं, डब्यात घालवलेल्या रात्रीचं असतं. रसायनाने फिक्स करून, म्हणजे पेशी आहे तशी थांबवून ठेवायची म्हटलं तर आरएनए हाताला नीट लागत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा डब्यातलं तापमान सांभाळणं हेच एक वेगळं काम असतं. एका मुलाच्या आईकडे मी पुन्हा गेली तेव्हा ती म्हणाली, "काहून जी ताई, अखीन रगत काढाचं हाय का?" ती चिडली नव्हती. चहा ठेवला तिने. पण मी तिला काय उत्तर द्यायचं होतं, की मागचं रक्त तुमच्या पोराच्या अंगातून निघालं आणि कोणाच्या तरी मीटिंगमुळे बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या पिशवीत गेलं? समितीतल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. तुमच्या बुकिंग रजिस्टरमध्ये ती एक खोडलेली ओळ असते, इकडे ते सात हिमोग्लोबिनच्या पोराचं रक्त असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दहाच्या आत सॅम्पल काउंटरवर म्हणजे ज्याचं कॉलेज शहरात आहे त्याचंच सॅम्पल. आमच्याकडून पहिली गाडी पकडली, ती वेळेवर निघाली, मध्ये पंक्चर झाली नाही, तरी दहा वाजता पोचणं होत नाही. आदल्या रात्री रक्त घेऊन ठेवा म्हटलं तर वर सांगितलं तेच पुन्हा.

आणि पोचल्यावर एका तासाचा स्लॉट, त्यातच मशीनचं स्टार्टअप, बीड्स म्हणजे बारीक मणी लावून रोजची क्यूसी (मशीन नीट मोजतं का याची तपासणी), कॉम्पेन्सेशन, ड्रॉप डिले (थेंबाला भार द्यायची वेळ जुळवणं) आणि शेवटची क्लीनिंग धरून. हिशोब मांडते, बरोबर आहे का तुम्हीच पहा. सेकंदाला ५,००० पेशी या वेगाने सॉर्ट चालवलं, नाजूक पेशींसाठी त्याहून पळवू नये असं तुमच्याच ऑपरेटरने शिकवलंय, आणि मला हव्या त्या पेशी ५ टक्के आहेत असं धरलं, तर सेकंदाला २५० पेशी मिळतात. आरएनएसाठी १० लाख पेशी पाहिजे तर ४,००० सेकंद, म्हणजे नुसतं सॉर्टिंगच एक तास सहा-सात मिनिटं, तेही काही वाया गेलं नाही तर. त्याआधी प्रत्येक रंगाचा वेगळा कंट्रोल लावल्याशिवाय कॉम्पेन्सेशन होत नाही, आणि कॉम्पेन्सेशन नसलं तर एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडतो आणि जे नाही ते दिसायला लागतं. मागच्या युजरचं सेटिंग वापरून घ्या असं जे काउंटरवरून सांगतात ते चुकीचं आहे, त्याचे रंग वेगळे, व्होल्टेज वेगळं, त्याचं कॉम्पेन्सेशन माझ्या सॅम्पलला कसं चालेल? एका तासाच्या स्लॉटमध्ये माणसाकडे दोनच रस्ते उरतात, कंट्रोल गाळायचे नाही तर सॉर्ट अर्धवट सोडायचा. अशातून जो डेटा निघेल त्यावर पेपर छापून येईलही, पण तो पेपर वाचून पुढे कोणी डॉक्टर पेशंटबद्दल काही ठरवेल त्याचं काय.

तिसरी गोष्ट डेटाची. इतके पैसे भरून हातात काय मिळतं तर पीडीएफ. त्यावर दोन-तीन प्लॉट, गेट (म्हणजे कुठल्या पेशी धरायच्या त्याची सीमा) ऑपरेटरने किंवा जो कोणी बसला असेल त्याने आखलेले. एफसीएस फाइल मागितली तर म्हणे बाहेरच्यांना देत नाही, पॉलिसी आहे. सर, ज्या फाइलमध्ये प्रत्येक पेशीचा मोजलेला आकडा आहे ती फाइल म्हणजेच माझा प्रयोग, पीडीएफ तर त्याचा फोटो झाला. मला गेट बदलून पहायचा असेल, पेपर तपासणाऱ्या रेफ्रीने विचारलं की डबलेट, म्हणजे चिकटलेल्या दोन पेशी, काढले होते का, मेलेल्या पेशी वगळल्या होत्या का, तर मी काय दाखवू? ते रक्त आमच्या पेशंटचं, अँटीबॉडी आमची, फी आमची, मग डेटा तुमच्या कॉम्प्युटरवर का राहतो? आणि तिथे तो किती दिवस राहतो हेही कोणी सांगत नाही, हार्डडिस्क भरली की जुनं उडवतात असं ऐकलं, हे खरं असेल तर फारच वाईट आहे.

दराचं थोडक्यात सांगते कारण पैशाचं रडगाणं सगळेच गातात. नेट-जेआरएफवाल्यांना जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बहुतेकांना ती फेलोशिप नाही, कोणी तासिका तत्त्वावर शिकवतं, कोणी घरची शेती पाहून संशोधन करतं. अँटीबॉडीची छोटीशी बाटलीसुद्धा हजारोंची येते आणि त्यात पीई-साय७ सारखा जोडरंग असला तर उष्णतेने आणि उजेडाने तो तुटतो, लाईन गेली की आमच्या फ्रीजपाशी कोणीतरी बसून राहतं. असं सगळं सांभाळून आलेल्याला तुम्ही कंपनीच्या दराच्या जवळपास दर लावता, आणि धुण्या-पुसण्याच्या वेळेचेही पैसे घेता. नोझल चोक झालं, सॉर्ट झालाच नाही, तरी पूर्ण बिल. चोक होणं कधी सॅम्पलमुळे होतं हे मला मान्य आहे, आम्ही ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळूनच आणतो. पण आधीच्या युजरने मशीन नीट साफ केलं नाही म्हणून चोक झालं तर त्याचं बिल मी का भरू?

आता जैवसुरक्षेबद्दल, कारण नोटिशीत तेवढं एकच कारण आहे ज्याला वजन आहे. फिक्स न केलेलं माणसाचं रक्त सॉर्टरवर लावणं धोक्याचं असतं हे मी नाकारत नाही. धार जास्त दाबाने निघते, नोझल अडलं की बारीक तुषार हवेत उडतात, आणि समोर बसलेला ऑपरेटर ते श्वासात घेऊ शकतो. त्याच्या जिवाची काळजी मला तुमच्याइतकीच आहे. पण हा धोका आतल्या विभागाच्या रक्तातही तेवढाच आहे ना? त्यांच्यासाठी सॉर्टर चालू आणि आमच्यासाठी बंद, मग ही जैवसुरक्षा कशी झाली? सायटोमेट्रीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयसॅकने, २०१४ साली सॉर्टरच्या जैवसुरक्षेचे मापदंड छापले आहेत, त्यात धोक्याचं मूल्यांकन करा, तुषार ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवा, ती काम करते का याची चाचणी घ्या, ऑपरेटरला साधनं आणि ट्रेनिंग द्या असं आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट जोडा असं म्हणाल तर आम्ही जोडू, आत्ताही जोडतोच. पण तुषार ओढणाऱ्या युनिटचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते एकदा बोर्डावर लावा. ते तपासलं तर आतला-बाहेरचा सगळ्यांचाच धोका कमी होईल.

ऑपरेटर दादांबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहून राहिली आहे. त्यांचं नाव घेत नाही, घेतलं तर त्यांनाच त्रास होईल. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने, आणि पगार कधी वेळेवर नाही. मशीनचा आवाज बदलला की ते सांगतात बबल आलाय, धार तिरपी झाली की पडद्यावर दिसायच्या आधी त्यांना कळतं. ड्रॉप डिले लावताना घाई केली तर हव्या त्या पेशीऐवजी शेजारचा थेंब वळतो आणि ट्यूबमध्ये भलतंच जमा होतं, हे मला त्यांनीच शिकवलं, पुस्तकातून नाही समजलं. अशा माणसाला तुम्ही ऑफिसच्या फायली पोचवायला पाठवता आणि मग सॉर्टर बंद ठेवावा लागतो असं म्हणता. ते सोडून गेले तर कोट्यवधीचं मशीन कापड झाकून राहील, आणि दुसरा माणूस तयार केलेला नाही. मेंटेनन्सचा करार संपलाय असंही कानावर आलं. खरं-खोटं तुम्हीच सांगू शकता, म्हणून सांगा.

बाहेरचे म्हणजे मी एकटी नाही हेही लक्षात घ्या. आमच्याच भागातला एक मित्र देशी कपाशीवर काम करतो. देशी कपाशी, म्हणजे आर्बोरियम, तिच्यात २६ गुणसूत्रं, आणि अमेरिकन हिर्सुटममध्ये ५२. दोघींच्या संकरातून आलेलं रोप नेमकं कुठल्या पातळीवर बसलं, म्हणजे त्यात गुणसूत्रांचे किती संच आले, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसलं तर दिवस जातात, फ्लोवर कोवळं पान ब्लेडने बारीक करून, केंद्रकं गाळून, रंग लावून काही मिनिटांत अंदाज येतो. विदर्भात कपाशीवर काम करणाऱ्या पोराला फ्लोवर जागा मिळत नसेल तर कोणाला मिळणार? दुसरी एक मैत्रीण गवळाऊ बैलांच्या वीर्यावर काम करते, गोठवून वितळवल्यावर किती शुक्राणू जिवंत राहतात ते तिला पहायचं असतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिममध्येच पंतप्रधानांच्या हस्ते लिंगनिहाय वेगळ्या केलेल्या वीर्याच्या देशी तंत्रज्ञानाचं उद्घाटन झालं. गाईला कालवडच व्हावी म्हणून शुक्राणू वेगळे करण्याच्या या पद्धतीमागे मूळ तत्त्व फ्लो सायटोमेट्रीचंच आहे, एक्स शुक्राणूत डीएनए वायपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतो, तेवढ्या फरकावरून तो ओळखता येतो. म्हणजे सिकलसेलचं पोरगं, कपाशी आणि गाय, या तिन्ही आमच्या गावच्या गोष्टी. यांच्यावर काम करायला गावचीच पोरं पुढे येतात आणि त्यांनाच तुम्ही महिन्यातून दोन दिवसांवर आणलं.

हे मशीन मुळात एकमेकांचं काम वापरूनच तयार झालं आहे, हेही सांगावंसं वाटतं. शाईचे थेंब भार देऊन वळवायची युक्ती स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांची, ती घेऊन १९६५ मध्ये लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलर यांनी पेशी वेगळ्या करून दाखवल्या, आणि पुढे स्टॅनफर्डमध्येच लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६९ मध्ये चमकणाऱ्या रंगावरून पेशी वेगळ्या करणारं मशीन मांडलं. आपल्या देशातही सरकारचं म्हणणं हेच आहे. ३ जानेवारी २०२० ला आय-स्टेम पोर्टल सुरू झालं ते याचसाठी, की कुठल्या संस्थेत कुठलं उपकरण आहे हे बाहेरच्यांना दिसावं आणि बुक करता यावं. २०२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उपकरणं वाटून वापरण्याबद्दल श्रीमान नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. लोकांच्या पैशातून आलेलं उपकरण कुलूप लावून पडू नये, हाच त्या सगळ्याचा हेतू. तुमच्या केंद्राच्या नावातच सामायिक आहे.

आता मागण्या. सगळ्या आजच्या आज होणार नाहीत हे मला कळतं, म्हणून ज्या लगेच होऊ शकतात त्या आधी लिहिते.

१. एक तारखेपासून लागू होणारी नोटीस मागे घ्या. बाहेरच्यांसाठी आठवड्यात दोन ठरलेले दिवस द्या, त्यातला एक सॉर्टरसह, आणि ते दिवस आतल्या कामासाठी काढून घेऊ नका.

२. स्लॉट कॅन्सल करायचा तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोन करून सांगा, नुसता मेसेज नको. मशीन खरंच बिघडलं तर कोणी काही म्हणणार नाही. पण माणसाचं रक्त निघून गेल्यावर मीटिंगसाठी, ऑडिटसाठी स्लॉट काढून घेणं पूर्णपणे बंद झालं पाहिजे. तरीही झालंच तर कारण लेखी द्या, पैसे परत करा आणि पुढचा पहिला स्लॉट त्याच युजरला द्या.

३. गावाकडून येणाऱ्यांचं सॅम्पल दुपारी दोनपर्यंत घ्या. सॉर्टिंगचा स्लॉट किमान तीन तासांचा ठेवा, स्टार्टअप, क्यूसी आणि क्लीनिंग त्यात मोजू नका आणि त्याचं बिल लावू नका.

४. एफसीएस फाइल, कॉम्पेन्सेशनचं मॅट्रिक्स आणि मशीनची सेटिंग त्याच दिवशी युजरला द्या. पेन ड्राइव्हमुळे व्हायरस येतो म्हणता तर लिंक पाठवा. केंद्रावर डेटा किती महिने ठेवणार ते लिहून लावा.

५. फेलोशिप नसलेल्या संशोधकांसाठी वेगळा दर ठेवा. चोकअपच्या बिलाचा निर्णय ऑपरेटरच्या लॉगबुकवरून करा, काउंटरवरून नको.

६. जैवसुरक्षेचा एकच फॉर्म आणि एकच नियम आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना लावा. तुषार रोखण्याच्या चाचणीची तारीख बोर्डावर लावा.

७. ऑपरेटरचा पगार वेळेवर द्या, त्यांना मशीनवरच ठेवा, जागा कायम करण्याचा प्रस्ताव पाठवा आणि त्यांच्या हाताखाली आणखी एक जण तयार करा. आमच्या कॉलेजांतून पोरं यायला तयार आहेत, शिकवायची सोय करा.

८. दर महिन्याला मशीन किती तास चाललं, किती तास बंद होतं आणि का, आतल्यांनी किती वापरलं, बाहेरच्यांनी किती, हे जाहीर करा. आणि समितीत ग्रामीण कॉलेजांचा एक तरी माणूस घ्या, आज एकही नाही.

यातल्या पहिल्या चार गोष्टींना नवीन निधी लागत नाही, समितीची एक बैठक पुरे. बाकीच्यांसाठी वरून मंजुरी लागत असेल तर तुम्ही पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत आम्हालाही द्या, आम्ही आमच्या प्राचार्यांकडून, आमदारांकडून, जिथे जायचं तिथे जाऊन पाठपुरावा करू. तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्यासोबत. केंद्राला पैसे कमी मिळत असतील तर ते मागायला आम्ही पण येतो, एकदा बोलवून तर पहा.

उत्तर मात्र लेखी पाहिजे आणि २५ तारखेच्या आत पाहिजे. घाई माझी नाही. हायड्रॉक्सीयुरिया सुरू होऊन सहा महिने झालेल्या पेशंटचं रक्त पुढच्या महिन्यात घ्यायचं आहे, सुरू करायच्या आधीचं घेऊन झालंय, आणि ही दुसरी वेळ हुकली तर पहिलं रक्तही कामाचं राहणार नाही. आशाताईंना घरोघरी जाऊन तारीख सांगावी लागते, धानाची कापणी चालू असते, बायकांना मजुरी बुडवून थांबावं लागतं. त्यांना कुठली तारीख सांगू, ते तुमच्या उत्तरावर आहे.

आपली,
केंद्राची एक बाहेरची युजर
ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर